अण्णांचे चार प्रश्न आणि दोन बेटं

इंडोनेशियात सतरा हजारांच्या वर बेटं आहेत. फिलिपिन्समध्ये साडेसात हजारांहून जास्त. आणि आमच्या हिंगोली जिल्ह्याचा समुद्रकिनारा किती? शून्य किलोमीटर! असल्या जिल्ह्यातल्या मुलानं बेटं निवडायला बसावं आणि त्यात पास व्हावं, ही अपेक्षाच मुळात चुकीची.

तर मी पुसेगावचा. थांबा, थांबा... पुण्यात हे सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, ‘अरे वा, सेवागिरी महाराजांची यात्रा!’ ते सातारचं पुसेगाव. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. जवळ नरसी, संत नामदेवांचं. थोडं पलीकडे औंढा नागनाथ. यात्रा-बित्रा सोडा, गुगललाही आधी सातारच आठवतं. कॉलेजपासून आजवर मी हा खुलासा किमान दोनशे वेळा केला असेल. आता ‘हो हो, तेच’ म्हणून मोकळा होतो.

गोष्ट २०२४च्या दिवाळीची. लग्नाला दीड वर्ष झालेलं. हनिमूनला जाऊ जाऊ म्हणता म्हणता आधी माझा प्रोजेक्ट लाइव्ह गेला, मग बायकोचं अप्रेझल आलं, मग घराचा हप्ता सुरू झाला. शेवटी तिनं अल्टिमेटम दिला. फेब्रुवारी, थायलंड, बेटं. बस्स! भारतीयांना तेव्हा थायलंडला व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे ‘व्हिसाची भानगड आहे गं’ हे माझं हुकमी कारणही बाद.

मी आयटीतला माणूस. प्रेमात पडलो तरी एक्सेल उघडतो. शीट तयार झाली : फुकेत, फी फी, क्राबी, सामुई, फांगन. सात रात्री, पाच बेटं, दोघांचं बजेट सव्वा लाख. रकाने रंगवलेले, फॉर्म्युले लावलेले. ऑफिसात प्रत्येक ग्रुपमध्ये एक ट्रिप-गुरू असतो, आमच्याही होता. त्यानं शीट पाहून ‘सही आहे बॉस’ असं सर्टिफिकेटही दिलं. तिकिटं तेवढी काढायची राहिली होती. दिवाळीहून आलो की काढू, असं ठरलं आणि आम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावाला निघालो.

पाडव्याच्या दुपारी ओसरीवर लॅपटॉप उघडून मी बायकोला शेवटची शीट दाखवत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजूला पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी मान वाकडी करून स्क्रीनवरचा नकाशा बघितला.

‘कुठं जायलाव म्हणं?’

मी सांगितलं. थायलंड, बेटं, समुद्र. जरा चढवूनच सांगितलं. अण्णांनी पान तोंडात टाकलं आणि विचारलं, ‘तिकडं पाऊस कधी असतो?’

मी बायकोकडे बघितलं, बायको माझ्याकडे. एवढ्या रंगीत शीटमध्ये पावसाचा रकानाच नव्हता!

अर्थात मी लगेच शोधलं. आणि जे सापडलं ते मी अण्णांना समजावण्याआधी त्यांनीच मला समजावलं. थायलंडची दक्षिणेकडची शेपटी आहे ना, तिच्या दोन बाजूंना दोन समुद्र. पश्चिमेला अंदमानचा समुद्र : फुकेत, फी फी, लांता ही बेटं तिकडे. पूर्वेला थायलंडचं आखात : सामुई, फांगन, ताओ तिकडे. आपल्याकडे येतो तोच नैऋत्य मोसमी पाऊस पश्चिम बाजूला मे ते ऑक्टोबर झोडपतो. मधल्या डोंगरांमुळे पूर्व बाजू तेव्हा बरीच कोरडी. ऑक्टोबरनंतर वारं फिरलं की ईशान्येकडून पाऊस येतो आणि मग सामुईची पाळी. नोव्हेंबर तिथला सगळ्यात ओला महिना.

‘म्हंजे घाटाच्या अलीकडं-पलीकडं,’ अण्णा म्हणाले. ‘महाबळेश्वराला धो धो, अन् तुझ्या त्या दुसऱ्या पुसेगावला दुष्काळ.’

मंडळी, एवढं सोपं होतं ते. सातारचं पुसेगाव पहिल्यांदाच माझ्या कामाला आलं!

मग तर अण्णा रंगातच आले. दुसरा प्रश्न : ‘चहूकडनं खारं पाणी. मग प्यायचं पाणी कुठून आणतेत? अन् घाण पाणी सोडतेत कुठं?’ ज्या माणसानं अख्खं आयुष्य बोअरच्या पाण्याची धार मोजण्यात घालवलं, त्याला दुसरं काय सुचणार, असं मला वाटलं. पण शोधलं तर बेटांची अर्धी कुंडली याच प्रश्नात निघाली. सामुईसारख्या मोठ्या बेटाला मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या पाइपलाइननं पाणी आणावं लागतं. फिलिपिन्सचं बोराकाय हे जगप्रसिद्ध बेट २०१८मध्ये सहा महिने पर्यटकांना पूर्ण बंद ठेवलं होतं, कारण सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. त्याच वर्षी जूनमध्ये फी फीजवळचा ‘माया बे’ हा किनाराही बंद झाला. ‘द बीच’ या सिनेमामुळे गाजलेला. रोज हजारोंच्या झुंडी आणि बोटींचे नांगर यांनी तिथली प्रवाळं मेली होती. तो थेट जानेवारी २०२२मध्ये उघडला. आता तिथे बोटींना थेट किनाऱ्यावर यायला बंदी आहे आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याला सुट्टी देतात. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात.

‘बरं करतेत,’ अण्णा म्हणाले. ‘रानाला बी एखादा हंगाम पड ठेवावंच लागतंय.’

तिसरा प्रश्न : ‘ही सगळी एका रस्त्यावर हायेत का?’ इथे मात्र माझी विकेटच पडली. फुकेत आणि सामुई नकाशात चार बोटांवर दिसतात, पण मध्ये अख्खी जमीन आहे. एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जायचं तर बोट, बस, पुन्हा बोट असा जवळजवळ पूर्ण दिवस, नाहीतर विमानाचा जादा खर्च. आणि क्राबी? ते बेटच नाही! मुख्य भूमीवरचा प्रांत आहे. गंमत म्हणजे तिथल्या रायले किनाऱ्यावर जायला बोटच लागते, कारण मागे उभे कडे आहेत. म्हणून ट्रिप-गुरूसकट सगळे त्याला बेट समजतात. सात रात्रींतले तीन दिवस आम्ही बॅगा ओढत जेटीवर घालवणार होतो, हे अण्णांनी पाचवी पास शिक्षणावर आणि एका बोटावर मोजून दाखवलं.

चौथा : ‘रात्री-बेरात्री काही झालं तर दवाखाना?’ सामुईला विमानतळ आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत. ताओ छोटं आहे, तिथली सोयही छोटी. लिहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत माझ्या शीटमध्ये चार नवे रकाने आले होते आणि त्यांत एकच महिना सगळीकडे हिरवा दिसत होता. फेब्रुवारी. दोन्ही समुद्र शांत, दोन्हीकडे ऊन. मी खूश! म्हणजे महिना आपण बरोबरच निवडला होता की!

‘फेब्रुवारीच बेस्ट आहे अण्णा.’

‘हां,’ अण्णा म्हणाले. ‘जावा. पोरांनी फिरावं.’ आणि उठून गोठ्याकडे गेले.

रात्री भांडी घासताना आई हळूच म्हणाली, ‘फेब्रुवारीत हळद असते रे.’

बस्स, एवढंच. तिनं तक्रार केली नाही, टोमणा मारला नाही. पण मला जे कळायचं ते कळलं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे जूनमध्ये लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीत निघते. पाला कापायचा, कंद उकरायचे, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, ती कुकरमध्ये वाफेवर शिजवायची, खळ्यावर पंधरा-एक दिवस वाळवायची, मग ड्रममध्ये पॉलिश. तेव्हा कुठे पिवळंधमक पोतं वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात जातं. ह्या सगळ्याला माणूस लागतो. पैशापेक्षा माणूस लागतो. आणि त्या वर्षी तर हळदीवरच सगळं होतं. २०२४च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, त्यात आमचं सोयाबीन ऐन शेंगा भरायच्या वेळी पाण्यात उभं राहिलं. निम्मं हातचं गेलं.

मी चार वर्षं हळदीला घरी गेलो नव्हतो. म्हणजे मुद्दाम नाही हो... फेब्रुवारीत नेमकी क्वार्टरची डेडलाइन यायची. मी पैसे पाठवायचो. दरवर्षी, न चुकता, मजुरीसाठी वीस हजार. आणि मनात कुठेतरी समाधान असायचं की आपण आपलं कर्तव्य करतोय.

त्या रात्री लाइट गेली म्हणून मी बॅटरी शोधायला अण्णांच्या कपाटात हात घातला, तर हाताला त्यांची खिशातली डायरी लागली. सहज उघडली. मागच्या हळदीचा हिशोब. एकेका मजुराचं नाव, पुढे किती रोज, किती पैसे. बाईमाणसांची नावं, गडीमाणसांची नावं, ट्रॅक्टरवाल्याचं नाव. आणि शेवटच्या ओळीत : ‘पुणे – २०,०००.’

माझं नाव नव्हतं. ‘पुणे’ होतं.

अण्णांनी ते रागानं लिहिलेलं नव्हतं. हिशोबाला सोयीचं म्हणून लिहिलं होतं, जसं आपण ‘लाइट बिल’ लिहितो. म्हणूनच ते जास्त लागलं.

परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये मी बायकोला म्हटलं, फेब्रुवारी नको. पुढचे दोन दिवस आमच्या घरात जे हवामान होतं, त्याला कुठल्याच रकान्यात जागा नव्हती! तिचंही बरोबर होतं. दीड वर्ष ती थांबली होती, ऑफिसात सगळ्यांना सांगून बसली होती, माहेरी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. ‘दरवेळी आपलंच का पुढे ढकलायचं?’ ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी डायरीचं सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सांगितलं.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मी पण येते हळदीला. पण दुसऱ्या महिन्याची तिकिटं आज काढायची. आज म्हणजे आज!’

कोणता महिना? आता अण्णांची शीट होतीच. पेरण्या जूनमध्ये. त्या उरकल्या की जुलैत घरी थोडी उसंत. जुलैत पश्चिमेला पाऊस, म्हणजे फुकेत, फी फी कट. पूर्वेला त्या मानानं ऊन, म्हणजे सामुई, फांगन, ताओ. पाचाची तीन झाली. मी फोनवर आईला तारखा सांगितल्या तर ती म्हणाली, ‘थांब, कालनिर्णय बघते. सहा जुलैला आषाढी हाय, ती होऊ दे. अन् दहाला गुरुपौर्णिमा.’

पौर्णिमा! बायको ओरडलीच. फांगनच्या हाद रिन किनाऱ्यावर दर पौर्णिमेला फुल मून पार्टी असते. बौद्ध सण आला तर तारीख एक-दोन दिवस सरकते, पण तो आठवडा हॉटेलांचे दर आभाळाला भिडलेले. ज्यांना पार्टी हवी त्यांनी त्याच आठवड्यात जावं, ज्यांना नको त्यांनी टाळावं. आम्हाला झोप हवी होती. आईच्या कालनिर्णयानं फांगन कटलं आणि उरली दोन बेटं. सात रात्री, दोन बेटं. ट्रिप-गुरू म्हणाला, ‘बॉस, पैसे वसूल होणार नाहीत.’ मी म्हटलं, बघू.

२०२५च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं आठ दिवस पुसेगावला होतो. कोथरूडच्या मुलीला पहिल्या दिवशी कंद तोडायला बसवलं, तर शेजारच्या बाया तिच्याकडे सर्कस बघावी तशा बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच बाया तिला गाणी शिकवत होत्या. मी कुकरवर. रात्री वाफ सुटली की अख्ख्या शिवारात एक ओला, कडवट-गोड वास भरतो. तो वास मी विसरलो होतो, आणि विसरलोय हेही विसरलो होतो. पाठ धरली, हाताला फोड आले, सोमवारी ऑफिसात पिवळ्या नखांनी प्रेझेंटेशन दिलं. क्लायंटला कॅमेऱ्यात नखं दिसली नाहीत, हे नशीब.

निघायच्या दिवशी बायकोनं डायरी मागून घेतली. ‘अण्णा, आमचा हिशोब लिहिला का?’ ते लाजले. पण लिहिलं होतं. मजुरांच्या यादीत, अगदी खाली, आमची दोघांची नावं. पुढे ‘८ रोज’. पैशाच्या रकान्यात फुली.

आयुष्यात मला बरीच सर्टिफिकेटं मिळाली. फ्रेम करावंसं वाटलेलं हे पहिलंच.

जुलैत, आषाढी आणि पौर्णिमा दोन्ही उरकून, आम्ही गेलो. बेटांवर जायचा विचार असेल तर आमचा रस्ता सांगून ठेवतो. (त्या वर्षीच्या मेपासून थायलंडला जाण्यापूर्वी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. व्हिसाचे नियम मात्र बदलत असतात, निघण्याआधी तपासाच.) बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवत स्टेशनवरून रात्रीची स्लीपर रेल्वे. सकाळी सुरत थानी. हो, सुरत! आपल्या सुरतेवरूनच ते नाव घेतलंय म्हणतात. तिथून बसनं डोनसाकचा धक्का आणि दीडेक तासाच्या फेरीनं सामुई. पुणे-हिंगोली ट्रॅव्हल्सची सवय असलेल्याला हा प्रवास म्हणजे किस झाड की पत्ती! सामुईहून वेगवान कॅटामरानं सुमारे दोन तासांत ताओ. आणि परत येताना उलटं फिरायचं नाही, ताओहून सरळ चुम्फोनला उतरायचं आणि तिथून बँकॉक. एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर. अण्णांचा तिसरा प्रश्न डोक्यात नसता तर हे सुचलंच नसतं.

सामुई नारळांचं बेट. तिथून आंग थोंगच्या सागरी उद्यानात एक दिवस गेलो, बेचाळीस बेटांचा तो पुंजका आहे. म्हणजे ‘किती बेटं केली?’ विचारणाऱ्यांना सांगायला आकडाही मिळाला. ताओ म्हणजे कासव. ‘को’ म्हणजेच बेट, त्यामुळे ‘को ताओ बेट’ म्हणणं म्हणजे ‘लेडीज बायका’ म्हणण्यासारखं. तिथे जगभरातली पोरं डायव्हिंग शिकायला येतात. मला पोहता येतं ते विहिरीतलं. समुद्र मी पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी बघितला, कॉलेजच्या सहलीत, अलिबागला. तरी लाइफ जॅकेट घालून पाण्यात तोंड घातलं आणि खाली अख्खं शहर दिसलं. माशांचं ट्रॅफिक, प्रवाळांच्या सोसायट्या. वर आलो तेव्हा बायको हसत होती, कारण मी पाण्यातच ‘आयला!’ असं ओरडलो होतो म्हणे.

एक दुपार आम्ही काहीच केलं नाही. खरंच काहीच नाही. पाच बेटांच्या शीटमध्ये ही दुपार नव्हती. त्या दुपारी बायको म्हणाली, ‘फेब्रुवारीत आलो असतो तर मी इथे बसून खूश असते, आणि तू इथे बसून तिकडे असतास.’ मी मान हलवली. बायकोला उगाच बरोबर म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही, पण ती बरोबर होती.

मी रोज फॅमिली ग्रुपवर फोटो टाकत होतो. सूर्यास्त, बोटी, बायकोची टोपी. आई अंगठा पाठवायची. अण्णांनी समुद्राच्या व्हिडिओवर एकदाच व्हॉइस मेसेज पाठवला : ‘एवढं पाणी अन् सगळं खारं. काय उपेग.’

सामुईच्या बाजारात एका बाईच्या टोपलीत मला ओळखीचा रंग दिसला. ओली हळद! दक्षिण थायलंडच्या स्वयंपाकात ती भरपूर वापरतात, माशाला चोळून तळतात, रश्शात वाटून घालतात. ‘खमिन’ म्हणतात तिला. मी फोटो काढून टाकला, नुसता, काही न लिहिता.

दोन मिनिटांत फोन वाजला. अख्ख्या ट्रिपमधला अण्णांचा पहिला फोन.

‘भाव काय?’

मी बाईंना खुणेनं विचारलं, बाहतचे रुपये केले, सांगितलं.

‘ओली का वाळलेली?’

‘ओली, अण्णा.’

‘मग वाळवून, शिजवून, पॉलिश करून काय पडतंय ते काढ बरं जरा. एक्सेल हाय ना तुझ्याकडं?’

मी टोपलीशेजारी उकिडवा बसलो आणि फोनवर नवी शीट उघडली. बायकोनं शेजारच्या गाडीवरून दोन शहाळी आणली. आमची बोट सुटायला अजून तासभर होता.